चार थेंब जास्त

गेल्या महिन्यात चार दिवस नायगावला जाऊन आलो. आमचं नायगाव म्हणजे वसईजवळचं लोकलचं स्टेशन नव्हे, हे पुण्यात मला दर दोन महिन्यांनी कुणाला तरी सांगावं लागतं. आमचं नायगाव नांदेड जिल्ह्यातलं. नांदेडहून देगलूरच्या रस्त्याला लागलं की वाटेत लागतं ते.

मी पोचलो त्याच्या आदल्या रात्री अवकाळी वारं सुटलं होतं आणि लिंबाची एक दणदणीत फांदी गोठ्याच्या पत्र्यावर येऊन पडली होती. काकांकडे चेनसॉ आहे. आमच्याकडे तिला कुणी चेनसॉ म्हणत नाही, सरळ 'कटर मशीन' म्हणतात. दोन वर्षांपूर्वी घेतलेली. काका म्हणाले, "तू इंजिनिअर हाईस ना, चालू करून दे बरं."

मशीन चालू झाली. नुसती सोडली की छान फुर्रफुर्र चालायची. पण पातं लाकडाला टेकवून रेस दिली की जीव सोडायची. मी आमच्या धंद्यातली पद्धत वापरली, म्हणजे एकेक गोष्ट बदलून बघणे. प्लग बदलला, एअर फिल्टर धुतला, सगळं बंद करून परत चालू केलं :) काही उपयोग झाला नाही. शेवटी मशीन बाईकवर मांडीत धरून मिस्त्रीकडे नेली.

मिस्त्रीने माझ्या कुठल्याच थिअरीकडे लक्ष दिलं नाही. दोन बोल्ट काढून सायलेन्सर हातात घेतला आणि आतली एक नखाएवढी जाळी बाहेर काढून माझ्यासमोर धरली. जाळी कसली, काळ्या डांबराची टिकली होती ती. ठिणगी बाहेर पडून आग लागू नये म्हणून ही जाळी असते. तिची भोकं पार बुजली होती. धूर बाहेर जायला वाट नाही, मग ताजी हवा आत येणार कुठून?

"मिक्स कोण केलतं?"

"मीच. दिवाळीत आलो होतो तेव्हा. पाच लिटरचं कॅन भरून ठेवलं होतं."

"लिटरला किती तेल टाकलास?"

"वीस मिली लिहिलंय. मी तीस-पस्तीस टाकलं असेल. चार थेंब जास्त असलेले बरे ना."

"कामून?"

या 'कामून'चं माझ्याकडे उत्तर नव्हतं. मिस्त्री म्हणाला, "जास्त तेलानं मशीन वाचत नाही बाबा, बुजती."

त्याने दोरी ओढून पिस्टन अशा जागी आणला की एक्झॉस्टचं भोक झाकलं जाईल, म्हणजे कचरा सिलिंडरमध्ये पडणार नाही. मग एका लाकडी काडीने त्या भोकाच्या कडेचा कार्बन खरवडून काढला. लोखंडाचं काहीही वापरलं नाही, कारण पिस्टनवर ओरखडा उठला की काम वाढतं. जाळी तारेच्या ब्रशने घासली. सगळं मिळून वीस मिनिटं. संध्याकाळपर्यंत फांदीचे तुकडे झाले होते.

पण ते 'कामून' डोक्यातून जाईना. कुठल्याही पुस्तकात 'थोडं जास्त टाका' असं लिहिलेलं नाही. मग ही माहिती माझ्यात कुठून आली? रात्री अंगणात पडल्यापडल्या आठवलं. ती बाबांकडून आली होती.

मी शाळेत असताना बाबांकडे एक जुनी स्कूटर होती, टू-स्ट्रोक. पंपावर पेट्रोल भरलं की पोऱ्या मापाने तेल ओतायचा आणि बाबा प्रत्येक वेळी म्हणायचे, "थोडं वरून टाक रे." मग स्कूटर दोन्ही हातांनी गदागदा हलवायची, म्हणजे तेल मिसळतं. वर्षा-दोन वर्षांनी सायलेन्सर चोक व्हायचा. तो काढून, जाळून, ठोकून त्यातला कार्बन पाडणे हा घरचा एक सणच होता. आई लांबूनच ओरडायची की धुणं वाळत घातलंय, तिकडे जाळा. सायलेन्सर का बुजतो आणि पंपावर 'थोडं वरून' का, हे दोन प्रश्न आमच्या घरात कधी एकमेकांना भेटलेच नाहीत.

तर आजचा विषय हा. पेट्रोलमधलं तेल. वाचायला चिल्लर वाटेल, पण आपल्या आईवडिलांच्या पिढीच्या आयुष्याचा एक मोठा तुकडा या वीस मिलीत सापडतो, असं मला आता वाटायला लागलंय.

आधी थोडं यंत्राबद्दल. आज आपण चालवतो त्या फोर-स्ट्रोक बाईकमध्ये इंजिन ऑइल खाली वेगळं साठवलेलं असतं आणि ते आत फिरत राहतं. टू-स्ट्रोकमध्ये तशी सोय नाही. तिथे पिस्टनच्या खालची पोकळी, म्हणजे क्रँककेस, पंपासारखी वापरतात. हवा आणि पेट्रोल आधी त्या पोकळीत येतं, मग पिस्टन खाली आला की दाबाने वर सिलिंडरमध्ये जातं. आता ज्या पोकळीतून पेट्रोलचा वारा वाहतोय तिथे तेल साठवून कसं ठेवणार? म्हणून मग तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं. जाताजाता ते बेअरिंगला, पिस्टनला लागतं आणि शेवटी पेट्रोलबरोबर जळून जातं. निदान जळावं अशी अपेक्षा असते.

ही क्रँककेसची युक्ती इंग्लंडमधल्या बाथ गावच्या जोसेफ डे नावाच्या माणसाची, १८८९ च्या सुमाराची. ना व्हॉल्व्ह, ना कॅमशाफ्ट. हलणारे भाग मोजून तीन. स्वस्त, हलकं आणि कुठल्याही मिस्त्रीला समजेल असं इंजिन. डेच्या नशिबी मात्र त्यातून फारसं काही आलं नाही. धंदा बुडाला आणि १९४६ साली तो जवळजवळ विस्मृतीत वारला. योगायोग बघा, त्याच १९४६ साली इटलीत पियाजिओ कंपनीने व्हेस्पा बाजारात आणली. विमानं बनवणारी कंपनी युद्धानंतर रिकामी झाली होती. कोरादिनो दास्कानिओ नावाच्या त्यांच्या विमान-इंजिनिअरने एक गाडी काढली, जिच्यावर बसताना कपडे खराब होत नाहीत. आत इंजिन डेच्याच तत्त्वाचं.

सुरुवातीच्या व्हेस्पांना पेट्रोलमध्ये पाच टक्के तेल लागायचं. म्हणजे लिटरला पन्नास मिली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस इंजिनात एक सुधारणा झाली. पेट्रोल-तेलाचा फवारा फिरत्या क्रँकच्या कडेवरून थेट आत घ्यायला लागले. त्यामुळे जिथे वंगणाची सगळ्यात जास्त गरज तिथे ते आधी पोचू लागलं आणि प्रमाण पाचवरून दोन टक्क्यांवर आलं. लिटरला वीस मिली. हा आकडा लक्षात ठेवा.

हेच दोन टक्केवालं घराणं आपल्याकडे आलं. बजाज ऑटोला स्कूटर बनवायचा परवाना १९५९ साली मिळाला आणि पियाजिओबरोबरच्या करारातून इथे व्हेस्पा बनू लागली. तिकडे मुंबईत भांडुपला ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया लॅम्ब्रेटा काढत होती. पियाजिओचा करार १९७१ ला संपला, १९७२ ला आकुर्डीची 'चेतक' आली. त्याच वर्षी पुण्याच्या कायनेटिकची 'ल्यूना' आली. १९७५ मध्ये राज्य सरकारचं महामंडळ आणि बजाज यांनी मिळून महाराष्ट्र स्कूटर्स काढली, तिने साताऱ्यात 'प्रिया' बनवली. आणि १९८५ साली बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू झाला, तेव्हाच्या औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात. आमच्या मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत पहिला पगार आला तो या वाळूजमुळे. म्हणजे बघा, भारताच्या टू-स्ट्रोकची कहाणी बऱ्याच अंशी महाराष्ट्राचीच कहाणी आहे.

पण स्कूटर बनत होती याचा अर्थ ती मिळत होती असा नाही. किती गाड्या काढायच्या हे सरकारी परवान्यावर ठरायचं. १९६० साली तर स्कूटरच्या वाटपावर आणि विक्रीवर नियंत्रण ठेवणारा आदेशच निघाला होता. पैसे भरून नंबर लावायचा आणि वाट बघायची. १९७० च्या दशकात ही वाट दहा-दहा वर्षांची होती. मुलीच्या जन्माला नंबर लावला तर तिच्या शाळेला स्कूटर यायची. हातात आलेली गाडी दुसऱ्याला विकली तर नवीच्या किमतीपेक्षा जास्त पैसे मिळायचे. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला लवकर मिळायची, म्हणून ज्यांचे कुणी आखातात होते त्यांचा भाव वेगळा. आपण आज फोन दोन दिवस उशिरा आला तर कस्टमर केअरला मेल टाकतो. असो.

आता या माणसाच्या जागी उभे राहा. दहा वर्षं थांबून गाडी मिळाली आहे. ती मोडली तर दुसरी मिळायला परत दहा वर्षं. या गाडीला एकच जीवघेणा आजार आहे, तो म्हणजे 'सीझ' होणे. तेल कमी पडलं की पिस्टन गरम होऊन फुगतो, सिलिंडरला चिकटतो आणि चालती गाडी जागच्या जागी थांबते. मग बोअर करा, नवा पिस्टन टाका, महिन्याचा पगार जातो. आणि हे टाळायचा उपाय तुमच्या हातात, दर वेळी पंपावर, एका मापात आहे. तुम्ही वीस मिलीवर थांबाल?

मी थांबलो नसतो. बाबाही थांबले नाहीत.

शिवाय शंकेला जागाही होती. पंपावर आणि गॅरेजमध्ये तेल सुटं मिळायचं. डब्यात नक्की काय आहे, खास टू-स्ट्रोकचं तेल की कुठलंही साधं तेल, हे ओतणाऱ्यालाही माहीत नसे. पेट्रोलमध्ये रेशनच्या रॉकेलची भेसळ हा तर उघड धंदा होता. मालावर विश्वास नसला की माणूस प्रमाण वाढवतो. चहात पावडर फिकी असली की आपण एक चमचा जास्त टाकतो तसं.

गंमत म्हणजे, की खरं तर गंमत नव्हेच, हा चमचा उलटा लागू पडतो. कार्ब्युरेटरचं जेट म्हणजे एक ठरावीक भोक. त्यातून ठरावीक द्रव जातो. त्यात तेल जास्त असेल तर तेवढं पेट्रोल कमी जातं. म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि तसं मिश्रण इंजिन जास्त तापवतं. गाडी वाचावी म्हणून ओतलेलं तेल इंजिनाला, थोडंसं का होईना, त्याच आजाराकडे ढकलतं. वर जे तेल धड जळत नाही ते पिस्टनच्या डोक्यावर, एक्झॉस्टच्या तोंडाशी आणि सायलेन्सरच्या नळ्यांत भाजून बसतं. पोळपाटाशेजारच्या भिंतीवर तेलकट काजळी बसते तशी, फक्त दगडासारखी टणक. प्लगच्या दोन टोकांमध्ये कार्बनचा कण अडकला की ठिणगीच पडत नाही. रिंगा खाचेत चिकटल्या की दाब निसटतो. गाडी ओढत नाही. मालकाला वाटतं, इंजिनाला त्रास होतोय, तेल वाढवा!

बहुतेक गाड्या सीझ व्हायच्या त्याची कारणं दुसरीच असत. कुठल्यातरी पॅकिंगमधून हवा शिरणं, जेटमध्ये कचरा, सिलिंडरच्या पंख्यांवर चिखल. किंवा लांब घाट उतरताना गिअरमध्ये रेस पूर्ण बंद ठेवणं. इंजिन चाकांच्या जोराने गरागरा फिरतंय, पण पेट्रोल बंद म्हणजे तेलही बंद. जुनी माणसं घाट उतरताना मधूनमधून क्लच दाबून एक रेस मारायची. लहानपणी मला ती स्टाईल वाटायची. ते वंगण होतं.

हा सगळा हिशेब एका घरापुरता असता तर सायलेन्सर जाळून मिटला असता. पण लाखो हात रोज तेच करत होते. मुळात टू-स्ट्रोक इंजिन न जळलेलं पेट्रोलही बाहेर टाकतं. जुना धूर बाहेर जात असतानाच ताजा माल आत येतो आणि त्यातला काही तसाच निसटतो. मोजणाऱ्यांनी हे प्रमाण पंधरा ते चाळीस टक्क्यांपर्यंत सांगितलं आहे. त्यात तेलाच्या बारीक थेंबांचा तो निळसर-पांढरा धूर. साधा गुणाकार करू. एखादी रिक्षा दिवसाला चार लिटर पेट्रोल जाळत असेल आणि रिक्षावाला लिटरमागे वीस मिली जास्त टाकत असेल, तर वर्षाला सुमारे २९ लिटर जास्तीचं तेल त्याच्या एकट्याच्या नळीतून रस्त्यावर येतं. ते जातं कुठे? थोडं सायलेन्सरमध्ये, बाकीचं मागच्या माणसाच्या छातीत. आणि दिवसभर सगळ्यात जास्त वेळ त्या धुरात कोण असतं? रिक्षावालाच.

जागतिक बँकेने डिसेंबर २००० मध्ये दक्षिण आशियातल्या टू-स्ट्रोक गाड्यांवर एक अहवाल काढला. त्यात हीच गोष्ट नोंदली आहे, की चालक गरजेपेक्षा बरंच जास्त आणि बऱ्याचदा चुकीचं तेल टाकतात आणि त्याने इंजिनाचं भलं होतं असं त्यांना मनापासून वाटतं. म्हणजे 'थोडं वरून टाक रे' फक्त नायगावात नव्हतं, ढाक्यातही होतं. वाचून उगाच बरं वाटलं.

सरकारने यावर जे केलं ते आमच्या धंद्यातल्या माणसाला लगेच पटेल. युजरवर विश्वास टाकता येत नसेल तर निर्णयच त्याच्या हातातून काढून घ्या. १९९८ साली केंद्राने टू-टी तेलाच्या पुरवठ्यासाठी स्वतंत्र आदेश काढला. त्याच वर्षी जुलैत सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या प्रदूषणाच्या खटल्यात सांगितलं की ३१ डिसेंबर १९९८ पर्यंत दिल्लीतल्या सगळ्या पंपांवर टू-स्ट्रोक गाड्यांना तेल आधीच मिसळलेलं पेट्रोलच मिळालं पाहिजे. माप यंत्राच्या हातात गेलं. कमी धुराचं तेल आलं.

बाजारही तिकडेच चालला होता. १९८० च्या दशकात आलेल्या कायनेटिक होंडा आणि यामाहा आरएक्स १०० ला तेलाची वेगळी टाकी होती, गाडी स्वतःच हवं तेवढं तेल घ्यायची. १९८५ ला हिरो होंडाची सीडी १०० आली, फोर-स्ट्रोक, मिक्सची भानगडच नाही. १९९६ आणि मग २००० सालचे धुराचे निकष आल्यावर टू-स्ट्रोक एकेक करून गेल्या. जुनी चेतकही गेली. २०२० मध्ये तेच नाव विजेच्या स्कूटरवर परत आलं. तिला पेट्रोलच नाही, तेल कुठलं?

आपल्या पिढीला वाटतं विषय संपला. मलाही वाटत होतं. पण टू-स्ट्रोक गेली ती शहरातून. शेतात ती आहेच. फवारणीचे पाठीवरचे कितीतरी पंप, गवत कापायच्या मशीन, चेनसॉ. हलकं इंजिन, आडवंतिडवं धरलं तरी चालतं, कारण खाली सांडायला तेलच नाही. डेची १८८९ ची युक्ती अजून तिथे भाकरी कमावते आहे. फरक एवढाच की तिथे यंत्राने माप घालणारा पंप नाही, ते काम परत माणसाच्या हातात आलं आहे. बाटलीच्या टोपणाने, अंदाजाने, 'थोडं वरून'.

आणि आता त्यात नवी भर आहे ती इथेनॉलची. २०२५ पासून पंपावरच्या पेट्रोलमध्ये साधारण वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी फार झालं की ते इथेनॉलला घेऊन खाली बसतं. दिवाळीचं मिक्स मे महिन्यात वापरणाऱ्या माझ्यासारख्यांनी हे वाचून ठेवावं. मिस्त्रीने माझं कॅन नुसतं हुंगून बाजूला ठेवलं होतं. एका महिन्यात संपेल एवढंच मिक्स करत जा, म्हणाला. आणि साधं स्वस्त तेल नको, टू-स्ट्रोकचंच घे, आणि मशीनवर जे प्रमाण लिहिलंय तेवढंच.

परत निघायच्या आदल्या दिवशी बाबांना हे सगळं सांगितलं. मला वाटलं हसतील किंवा वाद घालतील. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं की जास्त तेलानं पण बिघडतं. कमी पडलं तर काय होतं ते मात्र पाहिलं होतं." आमच्या गल्लीतल्या कुणाची तरी गाडी लग्नाला जाताना नरसीच्या पुढे सीझ झाली होती म्हणे, आणि नवरदेवाचा भाऊ ट्रकने पोचला होता. ती एक गाडी बघून आख्ख्या गल्लीने पुढची वीस वर्षं तेल वाढवून टाकलं असणार.

मला बाबांची चूक दाखवायची होती, पण हे ऐकल्यावर ती दाखवावीशी वाटेना. ज्याच्याकडे एकच गाडी आहे आणि दुसरी मिळायची शाश्वती नाही, तो माणूस जास्तीचं ओततोच. आम्ही नाही का, एकदा प्रॉडक्शन सर्व्हर पडला की पुढची पाच वर्षं गरजेच्या तिप्पट सर्व्हर भाड्याने घेऊन ठेवत? त्याचा धूर आपल्याला दिसत नाही एवढंच.

निघताना काकांसाठी एक काम करून आलो. पारदर्शक प्लास्टिकची एक लिटरची बाटली घेतली. तिच्यावर पक्क्या मार्करने एक रेघ मारली, पेट्रोल इथपर्यंत. आणि मेडिकलमधून एक सुई नसलेली सिरिंज आणून तिच्यावर वीस मिलीला दुसरी रेघ मारली, तेल इथपर्यंत. दोन्ही दोरीने एकत्र बांधून मशीनच्या खोक्यात ठेवलं.

काकांनी सिरिंज उलटीपालटी करून बघितली आणि विचारलं, "एवढंच? थोडं वरून नको?"

मी म्हणालो, "नको."

आता दिवाळीला गेलो की जाळी उघडून बघणार आहे. काळी निघाली तर समजायचं, काकांनी माझं ऐकलं नाही, बाबांचं ऐकलं.